शेवटच्या कडव्यातलं नाव

मी, राजानंद संपत हिवाळे, वय ७२, निवृत्त प्राथमिक शिक्षक, राहणार जाफराबाद, जि. जालना, पूर्ण शुद्धीत आणि कुणाच्याही दडपणाशिवाय हे मृत्युपत्र लिहीत आहे. दडपण आहे ते माझ्याच मनाचं, त्याला कायद्यात कलम नाही.

१. राहतं घर व बँकेतली ठेव पत्नी बेबीनंदा हिची. मुलगा मिथुन याने तिला जालन्यातल्या आपल्या फ्लॅटवर नेण्याचा हट्ट धरू नये.

२. मोटारसायकल मिथुनला, पुस्तकांचं कपाट मुलगी संध्याला.

३. माझी ढोलकी आमच्या गायन पार्टीतल्या कडूबाकडे आहे, ती त्याचीच समजावी. त्यानं ती परत केली नाही म्हणून मी इतकी वर्षं त्याच्याशी बोलत नाही, असं सगळ्यांना सांगत आलो. ते खोटं आहे.

४. जयंतीला गावोगाव गायली जाणारी, शेवटच्या कडव्यात माझं नाव असलेली एकेचाळीस भीमगीतं माझी नाहीत, बेबीनंदाची आहेत. कापूस वेचता वेचता ती रचायची आणि घरी येऊन मला सांगायची. तिला लिहिता येत नाही म्हणून मी वहीत उतरवायचो. शेवटच्या कडव्यात रचणाऱ्याचं नाव घालायची आपली रीत. तिथं मी माझं घातलं. पहिल्या वेळी विचारलं होतं. ती म्हणाली, "घाला की. मला कोण वळखतंय?" पुढं विचारलंच नाही. गावाची पोरं शिकवली, पण तिला अक्षर शिकवलं नाही. शिकवलं असतं तर वही तिच्या हाती गेली असती.

माझ्या स्वतःच्या कवितांच्याही दोन वह्या आहेत. लोक हसतील म्हणून त्यातली एक ओळ कुणाला ऐकवली नाही. त्या जाळल्या तरी चालतील.

२००० सालच्या जयंतीला कडूबानं तिला माईक दिला. ती सुरेख गायली आणि शेवटी स्वतःचं नाव घेतलं. मी पेटी थांबवली आणि हसत म्हणालो, "घाबरली ती, चुकली." मंडप हसला. ती खाली बसली, ती पुन्हा चारचौघांत गायली नाही. कडूबा एवढंच म्हणाला, "गुरुजी, ती बराबर गाऊन राह्यली होती. तुमीच चुकले." त्या दिवसापासून मी अबोला धरला. मला याची फार लाज वाटते. सत्काराच्या शाली तिच्याच आहेत, वाटल्यास तिनं त्या शालींनी फरशी पुसावी.

सर्व गाण्यांत तिचं नाव घालावं. चालीत बरोबर बसतं, मी म्हणून पाहिलं आहे.

५. काल हे सगळं तिला वाचून दाखवलं. तांदूळ निवडता निवडता ती म्हणाली, "मेल्यावर सांगून राह्यले व्हय? तवा तुमाला लाज वाटणार न्हाई म्हणून?"

माझ्या मनात तेच होतं.

म्हणून कलम चार माझ्या मरणाची वाट पाहणार नाही. येत्या रविवारी विहारात, सगळ्यांसमोर, मी ते स्वतः वाचीन. नंतर तिनं गावं. वाचताना माझा आवाज बसला, तर तिनं माझ्यासाठी थांबू नये.

सही: राजानंद संपत हिवाळे

आमच्यादेखत सही केली:
१. भारत साळवे
२. गिरिजाबाई खरात

जाफराबाद, ११ जानेवारी २०२४