हात मांडीखाली

३ जून
मिळालं काम! महिनाभर बघणार, जमलं तर कायम. नणंद तिथं डिझायनर, तिनंच शब्द टाकला. फोनवरचं अ‍ॅप लोकांना सोपं जावं, हा त्यांचा धंदा. मी माणसांच्या हातात फोन द्यायचा, ती कुठं अडतात ते बघायचं. वन्सं म्हणाल्या, "आज बघशील, उद्या स्वतः स्क्रीन काढशील. आठवीत शाळा सुटली-बिटली ते विसर."

हसूच येतंय सारखं. लेक छकुली सासूबाईंजवळ राहील. भिंत धरून उभी राहते आता. मी तर सोडतच नाही तिला — पडली म्हणजे?

४ जून
नियम एकच. माणूस अडलं तरी मदत नाही. चूक त्याची नसते, स्क्रीनची असते.

११ जून
घाण केली. एक आजोबा अ‍ॅपवर डॉक्टरची वेळ घेत होते. बटण काही सापडेना, बोट नुसतं स्क्रीनवर फिरत राहिलं. मला राहवलं नाही. मीच दाबलं. आजोबा खूश, "गुणाची पोर." वन्सं जेवताना म्हणाल्या, "ते घरी एकटे असतील तेव्हा तू जाणारेस?" परत असं झालं तर कायमची नोकरी विसरायची.

१२ जून
हात मांडीखाली घेऊन बसले. जमलं!

२० जून
अ‍ॅप चालवून बघायला बोलावलेली बाई आली नाही. छकुलीला ह्यांच्याकडं देऊन सासूबाईंनाच नेलं. त्याही त्या बटणापाशीच अडल्या.
"अगं, बोल की. मिठाची गुळणी धरलीस का?"
हात मांडीखाली.
"घरी चल, मग बघते तुला."
काचेपलीकडं वन्सं तोंड दाबून हसतायत. सासूबाईंनी चष्मा पुसला, स्क्रीन वर सरकवली — बटण खाली दडलेलं! दाबलं त्यांनी. असा फुललेला चेहरा मी त्यांचा कधी बघितला नव्हता.

मग वन्संनी पेन्सिल दिली. "आता तूच काढ, कुठं हवं ते." काढलं. वर, चांगलं मोठं. भिंतीवर लावलाय माझा कागद. जाता-येता बघते.

३० जून
कायम केलं! सांगायला धावत घरी आले आणि दारातच थबकले. छकुली भिंत सोडून चालत होती, डुलत डुलत. मी धरायला वाकले.
"हात मागं घे," सासूबाई हळूच म्हणाल्या.
त्या स्वतःच्या हातांवर बसल्या होत्या.