सहलीचं सॅम्पल

१ फेब्रुवारी, रविवार

आज ऐतिहासिक निर्णय. सहल! घाटापलीकडच्या खोऱ्यात, दोन रात्री, आणि कार्यक्रम एकच: खाणं आणि पिणं. कल्पना माझी. म्हणजे बोलली ही, पण माझ्या मनात ती आधीपासून होतीच.

झालं असं की मेहुणी आणि साडूभाऊ चहाला आले होते. गेल्या वर्षीच्या सहलीचा विषय निघाला. तेव्हा आम्ही माझ्या चुलतभावाच्या फार्महाऊसवर गेलो होतो. मला ती सहल फार आवडली होती. हिचं म्हणणं, तिने तिथे सगळ्या गोतावळ्याचा स्वयंपाक केला आणि निसर्ग पाहिला तो ओट्यासमोरच्या खिडकीतून. मग कप खाली ठेवून ही शांतपणे म्हणाली, "मला एकदा दुसऱ्या कुणाच्या तरी हातचं, गरम गरम, बसून खायचंय. बाकी काहीही चालेल."

साडूभाऊंनी लगेच मोबाईल काढला. पाच मिनिटांत बुकिंग करतो म्हणाले. मी हाताने थांबवलं. सहल म्हणजे काय पिझ्झा आहे? नियोजन मी करणार. तारीख ठरली, २० मार्च, शुक्रवार. साडूभाऊ मिशीत हसले. हसोत.

संकल्प: हिच्यासाठी उत्कृष्ट सहल. कुठेही कसर नाही.

३ फेब्रुवारी

ऑफिसात दिवसभर खोऱ्यातल्या खाणावळींचे फोटो पाहिले. सगळे पदार्थ एकाच तांबूस उजेडात. मी रंगाच्या कंपनीत शेड तपासतो, मला फोटोने फसवता येत नाही. आमच्याकडे नियम आहे: सॅम्पल पास झाल्याशिवाय बॅच गेटबाहेर जात नाही. मग सॅम्पल न तपासता माझी बायको गेटबाहेर कशी जाईल?

तेव्हा पूर्वतपासणी. स्वतः जाऊन. रविवारी नको, गर्दीत खरी क्वालिटी कळत नाही (शिवाय रविवारी ही घरी असते). रजा टाकावी. उरलेल्या रजा मार्चअखेर लॅप्सच होतात. कंपनीला रजा फुकट देणं म्हणजे स्वतःच्या कुटुंबावर अन्याय.

हिला सांगितलं, दुसऱ्या प्लांटवर काम आहे. शेवटी हे सगळं तिच्यासाठीच चाललंय, त्यामुळे याला खोटं म्हणता येणार नाही.

संकल्प: प्रत्येक पदार्थ फक्त एक चमचा.

५ फेब्रुवारी, संध्याकाळी

पुलाजवळचं मासेघर. लाकडाच्या धुरावर भाजलेला नदीतला मासा. रंग: आमच्या शेडकार्डावरचा 'जुना सागवान', पण कडेला किंचित 'शरद मध'. एक चमचा घेतला. एका चमच्याने डाव्या बाजूचा अंदाज येतो, उजव्या बाजूचं काय? उजवी बाजू तपासली. मग मधला भाग राहिला असता. अर्धवट रिपोर्ट देणं माझ्या स्वभावात नाही.

एक अडचण. प्लांटवर धड काही मिळणार नाही म्हणून हिने डबा दिला होता. तो टेबलावर ठेवला, तर मालकीणबाई आल्या. ठणठणीत आवाज, कोपरापर्यंत बाह्या वर. बाहेरचं खाणं इथे चालत नाही म्हणून डबा उचलून आत घेऊन गेल्या. निघताना परत दिला तो रिकामा, धुतलेला. म्हणाल्या, स्वतःच्या हातचं सोडून दुसऱ्या कुणाचं खाऊन किती वर्षं झाली ते आठवत नाही. त्यातली शेंगांची भाजी कुणी केली, हे दोनदा विचारलं.

बाई चांगल्या आहेत, पण जरा खादाड.

५ फेब्रुवारी, जेवणानंतर

जेवलो नाही. पोट बरं नाही म्हटलं. हिने काळजीने मऊ भात केला. तोही खावा लागला. शर्टाला धुराचा वास येतोय म्हणाली. नवीन वार्निश, म्हटलं. रिकामा डबा पाहून मात्र खूश झाली. एरवी ऑफिसातून मी निम्मा परत आणतो. प्लांटवर गेलं की तुम्हाला बरी भूक लागते, म्हणाली.

१२ फेब्रुवारी

मासा पुन्हा. एका सॅम्पलवर बॅच पास करणारा माणूस बेजबाबदार. डबा पुन्हा मालकीणबाईंकडे. या वेळी हिने दोन पुडांचा दिला होता. बाईंनी तो मागच्या पायरीवर बसून खाल्ला, आणि मी खिडकीतून पाहिलं, शेवटी बोटं चाटली. खिडकीजवळचं टेबल हिच्यासाठी नक्की. वारा लागत नाही, नदी दिसते.

बुकिंग अजून केलेलं नाही. आधी तपासणी, मग बुकिंग.

१७ फेब्रुवारी

टेकडीवरची सफरचंदाची बाग. बागवाले आजोबा स्वतः वाइन करतात आणि चाखायची कशी तेही शिकवतात. घोट घ्यायचा, तोंडात खेळवायचा, बादलीत थुंकायचा. पहिल्या दोन पायऱ्या मला झकास जमल्या. तिसरी नाही. अन्न टाकू नये असं लहानपणी आईने शिकवलंय. आजोबा म्हणाले, असा मनापासून चाखणारा माणूस फार दिवसांनी भेटला. ओळखणारा ओळखतो.

१८ फेब्रुवारी

काल शेवटची बस गेली. म्हणजे बस वेळेवर होती, मी बाकावर होतो, पण आमचं जमलं नाही. रात्र आजोबांच्या पाहुण्यांच्या खोलीत. हिला फोनवर सांगितलं, मशीन बिघडलंय. ती म्हणाली, बिचारे तुम्ही, जेवलात का. मला क्षणभर कसंतरीच झालं. मग आजोबांनी गेल्या वर्षीची बाटली उघडली.

सकाळी डोकं जड. आजची रजा धरू नये, हा आजारपणाचाच प्रकार आहे.

२४ फेब्रुवारी

पँटचं बटण लागत नाही. लाँड्रीवाल्याला झापलं. कापड आटवतो. तो म्हणाला, साहेब, पँट आम्ही धुतलेलीच नाही, यंदा तुम्ही टाकलेलीच नाही. उर्मट.

संकल्प: उद्यापासून रोज सकाळी चालणं.

२५ फेब्रुवारी

थंडी होती.

४ मार्च

मासा, तिसऱ्यांदा. कारण: हवा बदललीय, माशावर परिणाम झाला असेल. झालेला नाही. मालकीणबाईंनी मला पाहिलं आणि आधी डब्यासाठी हात पुढे केला, मग नमस्कार. आता हिच्याकडून डबेच तीन येतात. माझ्या डब्याच्या झाकणावर मी पूर्वीच एक ठिपका दिलाय, 'मयूर निळा', म्हणजे ऑफिसात कुणाशी अदलाबदल नको. बाईंनी तो ठिपका कौतुकाने पाहिला. चांगला रंग लोकांच्या लक्षात राहतो.

घरी ही म्हणाली, तुम्हाला इतकं आवडतंय तर मला करायलाही हुरूप येतो. रोज काहीतरी नवीन करते आहे. बिचारी. सहलीला गेली की तिला कळेल, आपल्यासाठी नवऱ्याने किती खस्ता खाल्ल्या.

१२ मार्च

रजेचा अर्ज दिला. हजेरी विभागातल्या बाई म्हणाल्या, शिल्लक नाही. मी हसलो. त्या हसल्या नाहीत.

माझ्या हिशेबाने सहलीपुरती रजा उरायला हवी होती. पण दुसरा मासा, तिसरा मासा आणि बागेतली सकाळ हे मी तपासणीत धरलं होतं. बाईंनी ते सरळ रजेत धरलं. अशा लोकांमुळेच संस्था बुडतात. साहेबांकडे गेलो. साहेब म्हणाले, नाहीतरी त्या दिवशी ऑडिट आहे, तुम्ही जागेवर लागणार. यंदा तुम्ही जागेवर जरा कमीच दिसता, असंही म्हणाले.

१३ मार्च

घाबरण्यासारखं काही नाही. मी येऊ शकत नाही म्हटल्यावर सहल आपोआप पुढे ढकलली जाईल. एप्रिलमध्ये नवीन रजा. आत्माच नसेल तर देहाने जायचं कुठे?

१४ मार्च

हिला सांगितलं. कंपनीचं माझ्याशिवाय पान हलत नाही, वगैरे. आवाज जरा घोगरा ठेवला. हिने चहाला उकळी येऊ दिली. मग गॅस बंद करून म्हणाली, "मग आम्ही तिघं जाऊन येतो."

मी म्हटलं, बुकिंग व्हायचंय. तिने साडूभाऊंना फोन केला. ते पाच मिनिटं लागतात म्हणाले होते, प्रत्यक्षात चहा गाळून होण्याआधीच झालं. उथळ काम.

१९ मार्च

साडूभाऊंना माझी कार्यक्रमपत्रिका दिली. कुठे काय मागवायचं, रंग कसा दिसला पाहिजे, सगळं. खिडकीजवळच्या टेबलाला वारा लागत नाही हे तुम्हाला कसं कळलं, असं त्यांनी विचारलं. अभ्यास, म्हटलं. ते पुन्हा मिशीत हसले.

२० मार्च, सकाळी

गेले. ही नवीन साडीत, पुढच्या सीटवर. बॅगेत माझा निळ्या ठिपक्याचा डबा घातला होता, रिकामा. विचारलं, हा कशाला? म्हणाली, तुमची सहल हुकली ना, तुमच्यासाठी तो मासा घेऊन येते. एवढा अभ्यास केलात, निदान चव तरी कळू दे.

ही बाई लाखात एक आहे. उगीच गलबलून आलं. तो डबा तिथे न्यायला नको, असंही काहीतरी मनात येत होतं, पण गाडी सुटली.

२० मार्च, ऑडिटच्या मधल्या सुट्टीत

आत्ता लक्षात आलं.

फोन केला. रेंज नाही. पुन्हा केला. साडूभाऊंना केला. त्यांनी उचलला आणि नुसते हसत राहिले. मागे भांड्यांचा आवाज, आणि तो ठणठणीत आवाज.

२१ मार्च

काही नाही. ब्रेड.

२२ मार्च, रविवार

आले. मेहुणी आणि साडूभाऊ खालूनच गेले. साडूभाऊंनी जाताना हॉर्न वाजवला, तीनदा, ताल धरून.

ही आत आली, पाणी प्यायली, बसली. चिडलेली नव्हती. त्याने जास्त भीती वाटली. मग तिने सांगितलं. मासा बांधून द्या म्हणून डबा पुढे केला, तर मालकीणबाई निळ्या ठिपक्याकडे बघतच राहिल्या. म्हणाल्या, हा डबा माझा आहे. म्हणजे, माझ्याकडे यायचा. ते एकटे येणारे गृहस्थ तुमचे कोण? मग त्यांना कळलं की शेंगांची भाजी करणारी बाई ही. त्यांनी हिला खिडकीजवळ बसवलं, उठू दिलं नाही, आणि दोन्ही दिवस स्वतः वाढलं. माणसं पाठवून टेकडीवरून वाइन मागवली. बागवाल्या आजोबांनी माझी चौकशी केली म्हणे, दुसऱ्या दिवशी तरी बस मिळाली का म्हणून.

मी खुलासा करायला तोंड उघडलं. सॅम्पल, बॅच, गेट. ही ऐकत होती. मग म्हणाली, "तुम्ही खोटं बोललात त्याचं सोडा. डबा रिकामा यायचा, तर मला वाटायचं तुम्हाला माझं आवडायला लागलं."

मला वाईट वाटलं. खरंच वाटलं, इथे खोटं कशाला लिहू. इतकी वर्षं मी निम्मा डबा परत आणला आणि कधी तिच्या तोंडाकडे पाहिलंच नाही. तिच्या भाजीसाठी एक परकी बाई मागच्या पायरीवर बसून बोटं चाटत होती, आणि मी आत बसून सागवानाची शेड ठरवत होतो.

मग वातावरण हलकं करावं म्हणून मी विचारलं, मासा आणलास का.

तिने बॅगेतून डबा काढून माझ्या हातात दिला. उघडला. रिकामा. स्वच्छ धुतलेला.

२३ मार्च

महिन्यातून एकदा ही मासेघरात जाणार आहे. मालकीणबाई हिच्या हातचं जेवणार, ही त्यांच्या. दोघींचं ठरलंय. साडूभाऊ सोडतील. मी येऊ का विचारलं. रजा आहे का, म्हणाली.

तोवर डबा माझा मी भरायचा. स्वयंपाक म्हणजे काही मोठं शास्त्र नाही, रंगावर लक्ष ठेवलं की झालं.

संकल्प: शेंगांची भाजी, तिच्यापेक्षा सरस.

२४ मार्च

दुपारी ऑफिसात डबा उघडला. रंग: कोळसा, कडेला कच्चा हिरवा. हजेरी विभागातल्या बाईंनी जाता जाता डोकावून विचारलं, घरी सगळं ठीक आहे ना. एक चमचा घेतला. डावी बाजू. उजवी बाजू तपासायची गरज वाटली नाही.

सॅम्पल नापास. पण दुसरी बॅच नव्हती, म्हणून सगळा डबा खाल्ला. मग धुतला, आणि रिकामा घरी नेऊन हिच्यासमोर ठेवला.