अण्णांचा सातबारा

येवला, ७ सप्टेंबर १९९९

ती. दादास मीनाचा सा. न. वि. वि.

इकडे आम्ही ठीक आहोत, म्हणजे अण्णांचा पाय सोडून सगळं ठीक. काल इथल्या डॉक्टरांनी त्यांच्या उजव्या नडगीचं प्लास्टर कापलं आणि एक्स-रे काढला. तो सकाळच्या नाशिक गाडीच्या कंडक्टरकडे दिलाय, स्टँडवर जाऊन घे.

कांद्याच्या ट्रॅक्टरने सायकलला धक्का दिला तेव्हापासून अण्णा खाटेला खिळलेत, पण तोंडाला विश्रांती नाही. मी विणायच्या रेशमाच्या कांड्या भरते त्यात रोज खोट काढतात. मागावरच्या पैठणीचा पदर राहिलाय आणि त्यातले मोर ते दुसऱ्या कोणाला विणू देत नाहीत. शेजारच्या खंडेरावकाकांनी सहज विचारलं, तर दोन दिवस त्यांच्याशी अबोला धरला.

इथले डॉक्टर म्हणतात, तुमचा मुलगाच हाडांचा डॉक्टर, त्याला विचारा. तेव्हा एवढंच कळव की अण्णांनी मागावर बसायचं की नाही. मागाखालच्या खड्ड्यातली पावडी दाबायची ती याच पायाने.

लोभ आहेच, त्याच्याबरोबर उत्तरही येऊ दे.

तुझी मीना

नाशिक, १४ सप्टेंबर १९९९

चि. मीनास अनेक आशीर्वाद.

फिल्म मिळाली. पत्रही मिळालं. तुझं अक्षर अजून सुधारलेलं नाही, आमच्या हॉस्पिटलातल्या सरांना वाटलं एखाद्या डॉक्टरचंच पत्र आलंय.

सध्या मी सरांच्या हाताखाली एक अभ्यास करतोय. मोडलेलं हाड कितपत जुळलं हे जो तो डॉक्टर आपल्या अंदाजाने सांगतो. एक म्हणतो जुळलं, दुसरा म्हणतो नाही. म्हणून आम्ही एक्स-रेला गुण देतो. फिल्मवर समोरून आणि बाजूने काढलेली दोन चित्रं असतात, त्यांत मिळून हाडाच्या चार कडा दिसतात. नवं हाड धरलेलंच नसेल तर त्या कडेला एक गुण, धरलंय पण भेग दिसते तर दोन, भेग बुजली तर तीन. अण्णांची फिल्म मी आणि सरांनी वेगवेगळी तपासली आणि दोघांचे गुण तंतोतंत सारखे आले! सर भलतेच खूश. अण्णांना सांग, बारापैकी सात गुण आले. त्यांना मी अभ्यासात घेतलंय.

नोव्हेंबरात पुण्याच्या परिषदेत हे मांडायचंय, त्यामुळे मान वर करायला फुरसत नाही. बाकी भेटीत. अण्णांना नमस्कार, तुला थोडा ओरडा आणि पुष्कळ लोभ.

तुझा दादा, किशोर

येवला, १९ सप्टेंबर १९९९

ती. दादास मीनाचा सा. न.

तुझं पत्र मोठ्याने वाचलं आणि गुण आला म्हटल्यावर अण्णा उठूनच बसले. औषधाचा गुण आला की माणूस बरा झाला, आणि इथे तर चक्क सात! म्हणाले, शाळेत मला इतके कधी पडले नव्हते. मग डोळे पुसत म्हणाले की पिढ्यानपिढ्या या घराच्या नावावर वीतभर जमीन नाही, शेवटी पोराने माझ्या पायाचा सातबारा करून दिला. गल्लीतल्या प्रत्येकाला बोलावून पाय दाखवून झालाय. खंडेरावकाकांकडून आणलेली कुबडी त्यांना परत केली.

आजपासून मागावर बसलेत. पहिल्या मोराची मान झाली. पावडी दाबताना चेहरा कसनुसा करतात, पण म्हणतात, सवय मोडलीय म्हणून दुखतं. हे चालेल ना, दादा?

घरात खूप दिवसांनी मागाचा आवाज आहे. लोभ ठेव आणि दिवाळीला नक्की ये.

तुझी मीना

नाशिक, २२ ऑक्टोबर १९९९

चि. मीनास आशीर्वाद.

तुझं ते पत्र माझ्या हाती पडलं तेव्हा अण्णा इथे वॉर्डात येऊन पडले होते. त्यांना मागाच्या खड्ड्यातून उचलून आणणाऱ्या खंडेरावकाकांदेखत मला बोलवेना. आता तुम्ही घरी पोचलात, म्हणून लिहितो.

सात म्हणजे जुळलं असं तुला कोणी सांगितलं? अजिबात न जुळलेल्या हाडालाही चार कडांचे चार मिळतातच. दहाच्या खाली आम्ही कुबडी सोडू देत नाही. दुखतंय हे दिसत असताना तू त्यांना बसू दिलंस! तुला बारावीपर्यंत शिकवलं ते कशाला? सळई घातलीय, हाड जुळेल. पण हाड सरकताना नस चिरडली, पंजा आता उचलला जाणार नाही. मागाचा विचार सोडायला सांग.

सूचना न पाळणारे रुग्ण अभ्यासात धरता येत नाहीत, म्हणून अण्णांचं नाव काढावं लागलं. सरांना फार वाईट वाटलं.

दिवाळीला जमणार नाही. लोभ आहे म्हणूनच एवढं बोललो.

किशोर

येवला, २९ ऑक्टोबर १९९९

ती. दादास नमस्कार.

कोणती सूचना? तुझं सप्टेंबरचं पत्र मी पाठपोट पुन्हा वाचलं. त्यात चार कडा आहेत, सर आहेत, पुणे आहे. बसू नका, हे कुठेच नाही. मी एकच गोष्ट विचारली होती. दहाचं आणि कुबडीचं आत्ता मला दोष द्यायला लिहिलंस, ते तेव्हा लिहायला तुला फुरसत नव्हती. मला तुझा फार राग आलाय, आणि तो दिवाळीपर्यंत जाईल असं वाटत नाही.

पदर खंडेरावकाका पुरा करतायत. अण्णांनीच त्यांना बोलावलं. पहिल्या मोराची मान अण्णांची, पुढचं सगळं काकांचं. अण्णा खाटेवरून बघत राहतात. काकांच्या विणीत खोट काढत नाहीत, माझ्या कांड्यांतही नाही. तेच मला बघवत नाही.

तुझ्यावर त्यांचा राग नाही. कोणी भेटायला आलं की अजून सांगतात, पोराने पुण्याच्या परिषदेत माझ्या नावाचा सातबारा लावलाय. नाव कमी केलंस हे मी त्यांना सांगितलेलं नाही. कधी आलास, तर तूही सांगू नकोस.

त्यांचा लोभ आहेच. माझं विचारू नकोस.

मीना