दाराची सुतळी

12 ऑगस्ट, बुधवार. गोंदिया.

अहवाल तयार आहे, पण सही करवत नाही. ती सुतळी डोळ्यांपुढून हलत नाही.

मागच्या महिन्यात, ऐन रोवण्यात, म्हणजे भातलावणीच्या दिवसांत, कामठ्याकडच्या एका गावात हिवतापाच्या फवारणीची पाहणी केली. दार बंद दिसलं की फॉर्मवर ‘कुलूप’ लिहायचं आणि ते घर मोजणीतून वगळायचं, हा आमचा नियम. शेवटच्या घराला कुलूप नव्हतंच, कडीला नुसती सुतळी बांधलेली. मी ‘कुलूप’ लिहिलं. सुतळीला रकाना कुठे आहे?

आज फेरतपासणीला गेले, तर त्या घरची म्हातारी दारात बसलेली. म्हणाली, “रोवन्याच्या दिवसात अकरा वाजता घरी कोन राहते बाई? फवारनीवाले अकराले, नर्सबाई अकराले, तुमी बी अकराले.”

माझ्या डोक्यात लगेच आकृती उभी राहिली. प्रत्येकाचं काम चोख, आणि सगळे मिळून नेमकी रोवण्याला गेलेल्यांचीच घरं चुकवतो. ती मोजणीतच नाहीत, म्हणून तर कार्यक्रम यशस्वी दिसतो! हे सापडल्याचा मला आनंद झाला. खरंच झाला. लिहितानाही लाज वाटते.

मग ती म्हणाली, “त्या दिवशी सून अंदरच होती, तापानं पडून. बकऱ्या शिरू नये म्हनून मीनं बाहेरून सुतळी बांधली. आवाज काऊन नाई देल्ला बाई?”

सून त्याच आठवड्यात गेली.

ती सुरगाठ होती. एका ओढीत सुटली असती. मला तेव्हाच दिसलं होतं.