एक मंगलाष्टक बाकी असताना

६ एप्रिल १९९९, दौंड
यवतचं लग्न वाजवून आलो. ऊन लई. ओठ सुजलाय.
आज परत आप्पांकडंच बघत बसलो. चार वर्षं झाली त्यांच्या मागं दुसरा ट्रम्पेट वाजवतोय, तरी वरचा सूर ते कुठून काढतात कळत न्हाई. गाल फुगत न्हाई, मानेची शीर दिसत न्हाई. आम्ही फुंकतो तवा तोंडं बघून पोरं हसतात. आप्पा चहा पिल्यागत वाजवतात. उन्हानं पितळ तापलं की सूर चढतो. आप्पा चालता चालता सूर उतरवायला नळी करंगळीभर वढून घेतात आन् मागं न बघता हात हलवतात. म्हंजी आम्ही बी वढायची. आज हात हलवला तवा मला अजून सूर चढल्याचा पत्ता बी न्हवता.
घरनं पत्र, परभणीवरनं. धाकट्या भावाचं शाळेत नाव घातलं म्हणं. वाचलं, घडी घातली. काय वाटलं न्हाई.

९ एप्रिल
लग्न न्हाई. दिवसभर गुऱ्हाळावर चिपाडं पसरली. मग बँडच्या दुकानात येऊन चिंचेनं पितळ घासलं.
आप्पा म्हणाले, "तुझा वरचा येईल रं. पण तू त्याच्याकडं भांडायला निघाल्यागत जातो."
"मग कसं जायचं?"
"सासरवाडीला जातो तसं. दार उघडंच हाय म्हणून."
ढोलवाला दगडू म्हणला, "आप्पा, ह्या सुभ्याला सासरवाडी दावा आधी!"
आमचे मालक बबनशेठ गल्ल्यावर बसून ऐकत व्हते. हसले न्हाईत. आप्पांना इचारलं, "खोकला कमी हाय का?" आप्पा म्हणाले बरा हाय. थोड्या वेळानं परत तेच इचारलं.

१४ एप्रिल, इनामगाव
जयंती. आप्पा या दिवशी सुपारी घेत न्हाईत, आपल्या गावात वाजवतात. मला बी नेलं. निळे झेंडे, रांगोळ्या. वाचनालयापासून बुद्धविहारापर्यंत वाजवत गेलो. मधी चढ हाय. चढाला आप्पा उलटे चालत, माझ्याकडं तोंड करून वाजवत व्हते. सूर हलला न्हाई. मी सपाटीला बी तसा वाजवत न्हाई.
जेवताना काकी, म्हंजी आप्पांच्या मालकीण, ताटात वाढता वाढता म्हणाल्या, "मागच्या साली आजारानं पंधरा दिस घरी बसले, तर माणूस भिताडागत झालता. बँडाच्या पुढं उभं ऱ्हायले की यांना अन्न लागतं."
आप्पा म्हणाले, "त्याला भाजी वाढ. माझं काय सांगती."

१८ एप्रिल, तळेगाव ढमढेरे
घाण झाली. सगळी माझी.
शेवटचं मंगलाष्टक संपलं की पहिला सूर आमचा. मांडवात कालवा, माईक फाटका, मागच्यांना 'सावधान' नीट ऐकू येत न्हाई. म्हणून मी आप्पांचा उजवा खांदा बघतो. श्वास घेताना तो उचलतो. खांदा उचलला की दोघं एकदम. चार वर्षं तसंच.
आज खांदा उचलला. मी फुंकलो. तो श्वास न्हवता, खोकला दाबत व्हते.
आन् सूर असा लागला की काय सांगू. इतका साफ मला कधीच लागला न्हवता. दगडूनं ढोल टाकला, मागनं सगळेच सुटले. लोकांनी मूठमूठ अक्षता फेकून दिल्या, अंतरपाट खाली आला, नवरीनं हार घातला, मंडळी पंगतीकडं पळाली. माईकपाशी नवऱ्याचा मोठा मामा हातात कागद धरून उभा. शेवटचं अष्टक त्याचं व्हतं. सगळ्या भावकीची नावं घालून सोता लिहिलेलं.
मामा तडक आमच्याकडं आला. "कुणी फुंकलं? महिनाभर पाठ करतोय मी!"
मी तोंड उघडायच्या आत आप्पांनी टोपी काढली. "मी मामा. चुकलं माझं."
"या वयात एवढी घाई कसली हो तुम्हाला?"
  मला नंतर तरी खरं बोलता आलं असतं. न्हाई बोललो. मामानं अष्टक पंगतीत म्हणलं. लोक जिलबी मागत व्हते.

१९ एप्रिल
शेठनी सगळ्यांदेखत सांगितलं, "पंचवीसला शिरूरला पुढं सुभ्या. आप्पा, तुम्ही दुसरा धरा."
आप्पा म्हणाले, "चालंल."
पुढच्याचा कोट पांढरा असतो, बाकीच्यांचे लाल. आप्पांनी पांढरा काढला, झटकला, घडी घालून माझ्या मांडीवर ठेवला. मी बघत बसलो. मग जेवलो. झोप लागली, याचंच नवल.

२२ एप्रिल
शेठना एकट्याला गाठलं. म्हणलं, "तळेगावला आप्पा न्हवते. मी फुंकलो."
"ठाव हाय."
"आं?"
"बँड चालवतो मी, किराणा न्हाई. तुझा सूर आन् आप्पांचा सूर मला कळत न्हाई व्हय? त्या सुरासाठीच तर तुला पुढं घेतलं."
"पण मग आप्पांची चूक न्हाई."
"चुकीला कोण काढतंय? वय झालं, खोकला हाय, चालू सीझनमधी बसले तर मी काय करू? चुकीमुळं बोलायला सोपं गेलं, एवढंच."
वर म्हणाले, मला ठाव हाय हे त्यांना सांगू नको, त्यांनी तुला झाकलंय ते झाकलेलं राहू दे.
बाहेर आलो. स्टेशनापर्यंत चाललो, परत आलो. डोकं रिकामं.

२५ एप्रिल, शिरूर
पांढरा कोट. बाह्या दोन बोटं लांब.
आप्पा उजव्या अंगाला, मागं. आज मी अष्टकं बोटावर मोजली. शेवटचं सावधान झालं, श्वास घेतला, गेलो. ओठ कोरडा पडलेला. नुसती हवा.
पण सूर आला. जिथं यायचा तिथंच, वरचा, साफ. मागनं.
कुणाला कळलं न्हाई. सगळी मान वळवून माझ्याकडं बघत व्हती. मी फुगलेल्या गालांनी तसाच उभा. नवरीच्या बापानं माझ्या खांद्यावर टॉवेल टाकला. शेठ बँडच्या गाड्यापाशी उभं राहून मान डोलवत व्हते. तवर आप्पा खाली दुसऱ्या ट्रम्पेटच्या सुरात उतरले बी. त्यांनी खाली असं धरलं की मला वर पाय टेकायला जागा झाली, मग वाजवलं कसंबसं. चार वर्षं मी दुसरा वाजवला. दुसरा असा असतो हे आज ऐकलं.
पंगतीला शेजारी बसलो. म्हणलं, "आप्पा, तो वरचा तुमचा व्हता."
"कुठला? त्या वाढप्याला हाक मार, आमटी गार झाली."

२७ एप्रिल, दौंड
शिरूरवाल्यांचे पाव्हणे दुकानात आले. दोन मेला लग्न. म्हणाले, "पांढऱ्या कोटातला पोरगा पुढं पायजे. अक्षतेला जो सूर मारला तोच." शेठ म्हणाले, मारंल की.
आप्पा कोपऱ्यात माऊथपीस पुसत व्हते.
मी मागच्या बोळात जाऊन फुंकून बघितलं. एकदा आला. मग न्हाई. मग अर्धा. मग न्हाई.
परत आलो तर शेठ म्हणाले, "काय रं, हाय ना पुढं?" उद्या सांगतो म्हणलं. शेठना आवडलं न्हाई.
निघताना आप्पा स्टँडपर्यंत बरोबर आले. इनामगावची जीप भरत व्हती. म्हणलं, "आप्पा, मी न्हाई म्हणतो. तुम्ही पुढं ऱ्हावा."
पहिल्यांदा चिडलेले बघितले. "माझ्यासाठी न्हाई म्हणलास तर मी बँड सोडला. मला कुणी जागा सोडलेली नको. येत नसंल तर न्हाई म्हण. येत असंल तर हो म्हण."
"येतं का न्हाई तेच कळंना."
"ते मी कसं सांगू?"
जीप सुटली. दोन पोरं मागच्या फळीवर लटकली व्हती, आप्पांना कुणी तरी आत जागा दिली.
सकाळी नऊला शेठ दुकान उघडतात.