जयावन्संचे गाल

माण, ३ जानेवारी २०२५
ती. अनुसयावहिनीस, जयाचा सा. न. वि. वि.
आमच्या रोहितचं लग्न दादाच्या वर्षश्राद्धानंतर, मे महिन्यात धरलंय. फोटोत माझे गाल पिशवीसारखे लोंबतात. खालच्या गाळ्यातला भाडेकरू डॉक्टर म्हणतो, कानामागून कातडी ओढून शिवली की दहा वर्षं लहान दिसाल. दुपारी बसा, संध्याकाळी भाकऱ्या थापा. संक्रांत झाली की बसतेय. माणूस चांगला आहे, जिना रोज झाडतो. तू वेळेवर जेवतेस ना?
माझ्यावरची माया राहू दे.
तुझी जया

मुठा, ६ जानेवारी
सौ. जयावन्सं यांस, स. न. वि. वि.
हे गेल्यापासून फोनवर मला बोलवत नाही, म्हणून रोहितच्या हाती पत्र देते. तुमचं वाचून बऱ्याच दिवसांनी हसले, मग घाबरले. खोली देताना तुम्ही पोरांचं आधार कार्ड, पोलीस पडताळणी, सगळं मागता. एकाला तर मामाचं नाव विचारलंत. कानाशी सुरी लावणाऱ्याला मात्र काहीच नाही?
इथल्या सुलक्षणाच्या जावेने असंच कुठंतरी करून घेतलं. नस दुखावली, आता तिचा एक डोळा मिटत नाही. प्लास्टिक सर्जरीची पदवी आहे का, मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक काय, भूल कोण देणार, रक्त थांबलं नाही तर कुठे नेणार, एवढं विचारा.
लोभ उणा होऊ देऊ नये.
अनुसया

माण, २० जानेवारी
ती. वहिनीस, सा. न. वि. वि.
विचारलं. भिंतीवरचं प्रमाणपत्र रोहितने वाचलं, तर ते तीन दिवसांच्या शिबिराचं. मावशी, विश्वास नाही का, असं डॉक्टर म्हणाला. मी म्हटलं, आहे की, पण गाळा देताना अनामत घेतलीच होती ना.
मग नोंदणी तपासून पुण्यात प्लास्टिक सर्जन बाईंकडे गेले. त्यांनी गालांआधी दात पाहिले. मशेरी लावत असाल तर आधी महिनाभर बंद, नंतरही बंद, म्हणाल्या. तंबाखूने जखम भरत नाही, कानामागची कातडी काळी पडते. चांगल्या डॉक्टरच्या हातूनही कधी नस दुखावते, हेही सांगितलं. आमच्या भाडेकरूने मशेरीचं नावही काढलं नव्हतं. उलट रोज माझ्याच डबीतली चिमूट मागायचा.
मशेरी सोडल्यापासून मी सारखी चिडते, घरातले माझ्यापासून लांब बसतात. गाल करून घेऊ का, तूच सांग.
तुझ्या शब्दाची वाट पाहणारी,
जया

मुठा, २३ जानेवारी
सौ. जयावन्सं यांस, स. न. वि. वि.
गाल तुमचे, मी काय सांगणार. आता हात जाणत्या बाईंचा आहे, त्यामुळे माझी निम्मी भीती गेली. फक्त वर्षश्राद्धाला एक दिवस आधी या. हे हसले की गालांना खाली दोन घड्या पडायच्या, अगदी तुमच्यासारख्या. भिंतीवरच्या फोटोत ते गंभीर आहेत. माझ्यासमोर बसून एकदा पोटभर हसा, मग खुशाल करून घ्या.
येण्याचं कळवावं, जीव लावत राहावं.
अनुसया