बोजोलेचा चढ

आई, मी शिरूर सोडून लेकीकडं कायमची जावं का, हे तुला विचारायचंय. सरळ विचारते, कारण फिरवून बोलायचं त्राण आता राहिलेलं नाही. ती फ्रान्समध्ये आहे, नोकरी तिथलीच, आता घरही तिथंच घेतलंय, परत येणार नाही म्हणते. इथं घरात मी एकटी. हे गेल्यापासून दोन खोल्यांना कुलूपच आहे. महिना झाला, लेक फोनवर रोज विचारते आणि मी रोज 'बघू' म्हणते. या 'बघू'नंसुद्धा माणूस दमतं बघ.

तिकडची द्राक्षतोडणी उरकल्यावर तिनं मला बोलावून घेतलं होतं. मला वाटलं घरात बसवून खाऊपिऊ घालेल. कसलं काय! तिनं बोजोले नावाच्या डोंगराळ भागात सायकलवरून फिरायचा बेत आखून ठेवलेला. मी म्हणलं, "बाई गं, या वयात लोक गुडघ्याचं ऑपरेशन करतात, सायकलच्या सहली नाही." तर म्हणते, "मम्मी, तूच सांगतेस ना, आजीनं तुला घोडनदीच्या पुलापर्यंत सायकल शिकवली म्हणून? मग झालं तर. बॅटरीची सायकल आहे, तू फक्त पाय हलवायचे." तुझं नाव काढलं की मी गप्प बसते, हे तिला पक्कं ठाऊक आहे. आणि खरंच, पाय ठेवला तसा सायकलीनं मला ओळखलं. दहावीला पास झाले तेव्हा तू दुसऱ्याची वापरलेली लेडीज सायकल आणली होतीस, तिला स्वतः हिरवा रंग मारलास आणि तो वाळायच्या आत मला बसवलंस. परकराला लागलेला तो हिरवा डाग कधी निघाला नाही. तू मागनं कॅरियर धरून पळतेयस, दवाखान्यातल्या नर्सची पांढरी साडी खोचलेली, आणि ओरडतेयस, "म्होरं बघ! खाली बघितलंस तर खालीच जाशील!" अख्खं मिशन कंपाउंड बघत होतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

पहिल्या दिवशी रस्ता सपाट होता. जुन्या रेल्वेचे रूळ काढून टाकलेत आणि त्याच वाटेवर सायकलींचा रस्ता केलाय, दोन्ही बाजूंना झाडं, मधेच एखादं बंद पडलेलं ठेसन, त्याच्या फलाटावर लोक डबा खात बसलेले. तू दौंडच्या रेल्वे क्वार्टरमधली. लग्न होऊन शिरूरला आलीस आणि इथं रेल्वे नाही म्हणून जन्मभर शिरूरला नावं ठेवलीस. "हितं गाडी येत न्हाई, यष्टी येती, ती बी धूळ घिऊन." रूळ उखडून तिथं माणसं मजेनं सायकली चालवतात हे पाहून तू कपाळाला हात लावला असतास. मला मात्र बरं वाटलं. मागं ट्रक नाही, हॉर्न नाही. शिक्रापूरच्या चौकातून जन्मभर जीव मुठीत धरून गाडी काढलेली बाई मी, मला वाटलं आपण चुकून कुणाच्या खाजगी रस्त्यावर आलोय की काय.

दुसऱ्या दिवसापासून चढ लागले. टेकडीमागं टेकडी, आणि सगळ्या द्राक्षांच्या. आपल्याकडं द्राक्षाला मांडव लागतो, तिथं वेली ठेंगण्या, तुरीच्या झुडपाएवढ्या, दगडाळ उतारावर आपापल्या उभ्या. गाव कायम वरच दिसतं, चर्चचा मनोरा दिसतो, आता आलंच म्हणून जोर लावावा तर रस्ता वळसा घेऊन पुन्हा खाली उतरतो. असा राग यायचा! बॅटरी असली तरी पाय आपलेच असतात. लेक पुढं जाऊन वळणावर थांबायची, "ये ये, थोडंच राहिलंय," म्हणायची. तू मरायच्या आधी मी तुला दवाखान्याच्या पायऱ्या चढवताना असंच खोटं बोलायचे.

त्या चढावर मला आपलं स्वयंपाकघर आठवत होतं. महिन्याच्या पहिल्या रविवारी चर्चमध्ये प्रभुभोजन, त्यात सगळ्यांना घोट घोट द्यायचा द्राक्षरस आपल्याच घरात व्हायचा. शनिवारी काळ्या मनुका भिजत घालायच्या, मग उकळायच्या, कुस्करायच्या आणि मलमलीच्या फडक्यातून गाळायच्या. तू तेव्हा कुणाशी बोलायची नाहीस. एका उन्हाळ्यात तू कुणाचं तरी बाळंतपण करायला राहू गावाकडं गेलीस, अडकलीस, आलीस तोवर रस फसफसला होता. वर फेस, घरभर आंबूस वास. मी म्हणलं, वरचा फेस काढून टाकू की. काय खवळलीस! "फसफसलं म्हंजी मेलं! दारू व्हती ती. प्रभूच्या मेजावर दारू ठिवतीस व्हय गं?" सगळं पातेलं पपईच्या बुडाशी ओतलंस आणि उपाशीपोटी नव्यानं मनुका उकळायला बसलीस. तू गेल्यावर ते काम माझ्याकडं आलं, शाळेत शिकवत होते तेव्हाही चुकलं नाही आणि रिटायर झाल्यावरही चुकलेलं नाही.

आणि तिथं, आई, एका शेतकरणीच्या तळघरात आम्ही उतरलो तर भिंतीपासून भिंतीपर्यंत पिंपंच पिंपं. फसफसलेला रस, वर्षानुवर्षं जपून ठेवलेला. मला तू दिसलीस, पदर खोचून एकेक पिंप उलटं करताना. हसूच फुटलं. ती शेतकरीण माझ्याच वयाची, हात रापलेले. तिनं इवल्याशा ग्लासात तळाशी थोडी वाईन ओतून माझ्या हातात दिली. आणि मी काय केलं असेल? सवयीनं ग्लास दोन्ही हातांत धरला, मान खाली घातली, डोळे मिटले आणि थांबले. सगळ्यांना मिळेपर्यंत ओठाला लावायचं नाही, ही आपली प्रभुभोजनाची रीत. मग सगळ्यांनी मिळून घ्यायचं. मी वाट बघत राहिले. ती बाईही बिचारी बाटली हातात धरून थांबली, तिला वाटलं असेल यांच्यात असंच करतात. शेवटी लेक हळूच म्हणाली, "मम्मी, पी ना. अजून कुणी यायचं नाहीये."

डोळे उघडले तर खरंच, आम्ही तिघीच. मी प्याले. तुरट होती, आंबूस, जिभेला धरणारी. वाईट नव्हती, खोटं कशाला सांगू. पण लेकीचं ते बोलणं मनातून जाईना. घरी टेबलावर एकच ताट मांडते तेव्हासुद्धा मी असंच कुणासाठी तरी थांबत असते, हे मला पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन कळलं.

नंतरच्या चढावर माझी बॅटरी संपली. दोघी उतरलो, सायकली ढकलायला लागलो. धाप लागली होती, अशा वेळी तिनं विचारलं. "मम्मी, इकडंच राहा ना. कायमची."

"आणि शिरूरचं घर?"

"विकू."

"चर्चचं कोण बघणार? आजीची कबर? ईस्टरला चुना कोण लावणार?"

ती थांबली. "मम्मी, तुला यायचं नसेल तर तसं सांग. कबरीला मधे घालू नकोस."

तुझीच नात. तोंडावर मारते. मला राग आला आणि रडूही आलं. मी म्हणलं, "बघू." मग वर पोहोचेपर्यंत दोघी सायकली ढकलत राहिलो.

परत आल्यावर चर्चच्या पाळकसाहेबांना भीत भीत सांगितलं, की मी कदाचित जाईन, रसाचं काय करायचं? मला वाटलं अडवतील. ते म्हणाले, "बाई, त्याची काळजी करू नका, आता तयार बाटली मिळते. तुम्ही एवढा त्रास घेता म्हणून आम्ही काही बोललो नाही." माणूस चांगलाय, मायेनं बोलला. मी घरी येऊन पलंगावर पडले ती संध्याकाळपर्यंत उठले नाही. सुटल्यासारखंही वाटत होतं आणि कुणीतरी घरातून काढल्यासारखंही. तुझ्या कबरीला चुना लावायला चर्चच्या मंडळीतली पोरं तयार आहेत. म्हणजे मी थांबायचं कारण असं कुणी शिल्लकच ठेवलं नाही.

तूही दौंड सोडलंसच की. तुला कुणी विचारलं होतं का, आणि तू कुणाला? तुझ्या आईचा निरोप घेताना काय बोललीस ते मी तुला कधी विचारलं नाही. तिथल्या थंडीत माझे गुडघे कसे राहतील, भाषा येत नसलेल्या बाईनं दिवसभर करायचं काय, लेक कामावर गेली की मी खिडकीशी बसून राहणार का, यातलं काही मला माहीत नाही. उत्साह म्हणशील तर काडीचा नाही. फक्त एकटीसाठी कणीक मळायचा कंटाळा आलाय गं, फार कंटाळा आलाय.

हे पत्र कुठं टाकायचं नाही, तेव्हा एक सांगून टाकते. सुरुवातीला तुला विचारतेय म्हणाले, ते खरं नव्हे. आज सकाळी लेकीचा फोन आला आणि मी 'हो' म्हणून मोकळी झाले. ती रडायला लागली, मी तिकिटाचं बोलत राहिले. नंतर गिरणीतून दळण घेऊन येताना, तुझ्या दवाखान्याच्या फाटकापाशी आल्यावर माझ्या ध्यानात आलं, की हो म्हणताना तुझी आठवण झालीच नव्हती.